ऑलिव्हच्या बागेतले सात अबोल दिवस

या लेखापुढे प्रश्न एकच आहे. ज्या माणसाला सात दिवस एकही शब्द उच्चारण्याची मुभा नाही, त्याला केवळ विश्रांतीसाठी बांधलेल्या जागी नेऊन ठेवले, तर त्याला विश्रांती मिळते का? प्रश्न मी स्वतःवर तपासून पाहिला आहे. उत्तर देण्यापूर्वी परिस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण परिस्थिती न सांगता दिलेल्या उत्तराला मी वर्गातही गुण देत नाही.

मी आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरच्या बाजूच्या एका शाळेत मराठी माध्यमाला गणित शिकवतो. एका खोलीत दोन इयत्ता बसतात. पलीकडच्या खोलीत तेलुगू माध्यमाचा वर्ग भरतो आणि दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत पोहोचत नाही. तिकडच्या सरांनी पाढे सुरू केले की मला अपूर्णांक मोठ्याने शिकवावे लागतात. मी मोठ्याने शिकवू लागलो की त्यांना आवाज चढवावा लागतो. बारा वर्षे हा क्रम चालला. गेल्या वर्षी माझा आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला आणि दिवाळीनंतर दुपारच्या तासांना नाहीसाच होऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पाहिले आणि स्वरतंतूंवर दोन गाठी असल्याचे सांगितले. औषधे देऊन पाहिली, तास कमी करून पाहिले. शेवटी त्यांनी सात दिवसांचे संपूर्ण मौन सांगितले. कुजबुजही करायची नव्हती, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुजबुजीने तंतूंना उलट अधिक त्रास होतो. मौनाने गाठी उतरल्या तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्ग घेता येईलच असे नाही.

वर्ग घेता आला नाही, तर मला शिक्षण कार्यालयात नोंदवह्यांवर बसवतील, हे तिथल्या कारकुनाने तास कमी करण्याची माझी दरख्वास्त, म्हणजे अर्ज, हातात घेतानाच सांगून टाकले होते. माझ्या जागी मराठीतून गणित शिकवणारे दुसरे कोणी नव्हते. तेव्हा पणाला लागला होता तो माझा आवाज आणि त्या आवाजावर चालणारा तो वर्ग. पुढचे सगळे याच एका गोष्टीभोवती घडले.

मौनाचा पहिला प्रयोग मी आदिलाबादला घरीच केला. तो साडेतीन तास टिकला. आमच्या गल्लीत प्रत्येक तिसरा माणूस माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा बाप आहे आणि नमस्काराला उत्तर न देणाऱ्या शिक्षकाविषयी गावात संध्याकाळपर्यंत काय पसरते, ते मला ठाऊक आहे. हे कळल्यावर जर्मनीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने परस्पर निर्णय घेतला. दसऱ्याच्या सुट्यांत तिने मला आणि तिच्या आईला बोलावून घेतले आणि तिथून ग्रीसमधल्या एका बेटावर नेऊन सोडले. समुद्राकाठी अकरा खोल्यांचे हॉटेल, तिन्ही बाजूंनी ऑलिव्हची बाग, आणि ओळखीचा एकही माणूस नाही. "बाबा, इथे तुम्हाला कोणी नमस्कार करणार नाही," असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर परतली. आठव्या दिवशी आम्हाला न्यायला येणार होती.

तिच्या योजनेत एकच त्रुटी होती. तिची आई माझ्याबरोबर होती.

माझी पत्नी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली आहे. रिकामी बसलेली मी तिला पाहिलेली नाही आणि अबोल बसलेली तर नाहीच. तरी आमच्या घरात शेवटचा शब्द तीस वर्षे माझाच असे. मौनाच्या पहिल्या सकाळी मी शाळेतून आणलेली पाटी आणि पेन्सिल गुडघ्यावर घेऊन गच्चीत बसलो, तेव्हा ती समोर उभी राहून समाधानाने म्हणाली, "तीस वर्सं तुमी बोलले अन् म्या आयकलं. आता आठ दिस माहा तास हाय, गुर्जी."

पाटीविषयी थोडे सांगितले पाहिजे. लिहून बोलणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा नेहमी एक विषय मागे राहतो. मला अर्धे वाक्य लिहिता येत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद आणि शेवटी पूर्णविराम दिल्याशिवाय पाटी पुढे करणे मला जमत नाही. माझा पूर्णविराम पडेपर्यंत ती दोन विषय ओलांडून गेलेली असे. "परिच्छेद लिहून राह्यले का?" असे विचारून ती उठून जाई. आणि मजकूर तिच्या मनाविरुद्ध असण्याची शक्यता दिसली की तिचा चष्मा हमखास खोलीत राहिलेला असे.

हॉटेल मात्र खरोखर शांत होते. खोलीत एक इंग्रजी पत्रक ठेवलेले होते. विश्रांती कशी घ्यावी ते त्यात अकरा कलमांत दिले होते. त्याशिवाय बागेची माहिती होती. शेजारच्या टेबलावर एक वयस्क जर्मन जोडपे न्याहारी करी. पाव कापून, लोणी लावून, कॉफी संपवून ते उठत, आणि एवढ्या वेळात एकमेकांशी अक्षरही बोलत नसत. पत्नीला त्यांची फार काळजी वाटू लागली. भांडण झालं असन, असे तिचे पहिल्या दिवशीचे अनुमान होते. दुसऱ्या दिवशी तिने ते भांडण पोरांच्या वाटणीवरून झाल्याचे ठरवले. लोक नुसते गप्प बसू शकतात, हे मी पाटीवर लिहून दाखवले. चष्मा खोलीत होता.

दुसऱ्याच दिवशी तिने हॉटेलच्या मालकिणीशी ओळख काढली. मालकीण सत्तरीच्या पुढची, काळा स्वेटर घालणारी, गुडघे धरून चालणारी बाई होती. तिला इंग्रजीचे दहा-बारा शब्द येत असतील, पत्नीला तेवढेही येत नाहीत. पण आमच्याकडे माणूस बाहेरचा दिसला की त्याच्याशी हिंदीत बोलावे अशी रीत आहे. व्यापारी असो, ट्रकवाला असो, बदलून आलेला अधिकारी असो. तो कुठला हे विचारण्याआधी त्याच्याशी हिंदी सुरू होते. पत्नीने तीच रीत ग्रीसमध्ये लागू केली. "अम्मा, ये झाड कितने साल का है?" असे तिने विचारले आणि मालकिणीने तिच्या भाषेत सविस्तर उत्तर दिले. दोघी बागेतल्या दगडी कट्ट्यावर तासभर बसल्या. ही रीत इथे का चालणार नाही, त्याची तीन कारणे मी पाटीवर क्रमाने मांडत होतो. तिसरे लिहून झाले तेव्हा पत्नी परत आली आणि तिने मालकिणीला किती मुले, धाकटी सून कशी आहे आणि गुडघ्यांना काय लावते, हे मला सांगितले. ते खरे होते की नाही हे पडताळण्याचे माझ्याजवळ साधन नव्हते. मी पाटी पुसली.

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑलिव्ह हिरवे असतात आणि वाऱ्याने थोडे गळतात. झाडांखाली पडलेली ती हिरवी फळे पाहून पत्नीला राहवेना. आमच्याकडच्या भोकरांशी त्यांचे साम्य आहे, हे मीही मान्य करतो. आकार तसाच, आत बी तशीच, हातात घेतल्यावरचा टणकपणाही जवळपास तोच. पण साम्य म्हणजे समानता नव्हे, हे मी सहावीच्या वर्गाला दोन त्रिकोण काढून शिकवतो. तिने मालकिणीला खुणेने विचारले, ओटीभर फळे गोळा केली आणि एका दगडाने एकेक फोडून बी काढायला बसली. "भोकरंच हायेत हे," तिने जाहीर केले. "या लोकाईले लोणचं ठाऊक नसन, म्हनून पडून राह्यलेत."

आदिलाबादहून निघताना तिने सामानात लोणच्याच्या मसाल्याचा डबा ठेवला होता. तो का ठेवला, हे मी तेव्हा विचारले होते. तेव्हा मला आवाज होता. उत्तर मिळाले नव्हते. आता ते मिळाले.

पत्रकात स्पष्ट लिहिले होते की ताजे ऑलिव्ह अतिशय कडू असते; ते ठेचून पाण्यात ठेवावे लागते, पाणी रोज बदलावे लागते, कडवटपणा उतरला की मगच मिठाच्या पाण्यात घालतात. मी ते पाटीवर शुद्ध मराठीत उतरवले आणि पाटी तिच्या नाकासमोर धरली. या वेळी चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता, त्यामुळे तिला वाचावे लागले. कडू आहे हे तिलाही माहीत होते, तिने एक चाखून पाहिले होते. कारल्याचा कडवटपणा मीठ काढतेच ना, असा तिचा मुद्दा होता. मग तिने विचारले की ज्या माणसाने हे पत्रक लिहिले, त्याने जन्मात कधी लोणचे घातले आहे का. उत्तरासाठी मी पाटी पुसायला घेतली, तोवर मीठ पडले होते. मोहरीची डाळ, तिखट आणि हळद पाठोपाठ गेली. तेल मालकिणीनेच दिले, तेही ऑलिव्हचेच. काचेची बरणी गच्चीच्या कठड्यावर उन्हात जाऊन बसली.

तिसरा आणि चौथा दिवस मी त्या बरणीसमोर काढले. वाचक म्हणतील, समोर समुद्र होता. होता. निळा होता, संथ होता, पत्रकात दाखवला होता तसाच होता. पण डोळ्यांदेखत चुकीचे उदाहरण फळ्यावर सोडवले जात असताना ज्याला खडू उचलता येत नाही, त्या माणसाला समुद्राकडे बघण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. दुपारी मी झाडांमध्ये बांधलेल्या झोळीत पडून राही आणि मनातल्या मनात तिला समजावून सांगे: पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. घसा शांत होता. बाकी काहीच शांत नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणाला तिने बरणी उघडली. भोकरांना आठ दिवस लागतात, पण इथले ऊन स्वच्छ आहे, म्हणून तीन पुरतील, असा तिचा हिशेब होता. पावाच्या तुकड्यावर तिने एक फोड ठेवली, वर मसाला ओढला आणि माझ्या हातात दिला. नकार द्यायला पाटीवर निदान चार ओळी लागल्या असत्या. खाणे सोपे होते. मी खाल्ले.

"कडू," मी म्हणालो.

तो शब्द मी उच्चारला हे मला ऐकू आल्यावर कळले. आणि जे ऐकू आले, तो माझा आवाज नव्हता. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतले दोन आवाज एकाच वेळी निघाल्यासारखे ते काहीतरी होते. पहिल्या अक्षराला खरखर आणि दुसऱ्याला नुसती हवा. आदिलाबादहून निघताना आवाज याहून बरा होता. मी घशाला हात लावला. पत्नी माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातातला पाव तसाच राहिला होता.

ती काहीच बोलली नाही. तिने बरणीला झाकण लावले, ताटल्या आवरल्या आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पाच दिवस जपलेले मौन तिच्या हाताने मोडले गेले होते, आणि मोडून जे बाहेर आले ते तिने ऐकले होते. मीही पाटी उचलली नाही. काय लिहावे हे मला सुचले नाही, असे त्या सात दिवसांत प्रथमच झाले.

संध्याकाळी मालकीण कठड्यावरची बरणी पाहून थांबली. तिने झाकण काढून वास घेतला, एक फोड तोंडात घातली आणि लगेच हातात थुंकून टाकली. हसली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी टोपली आणि दोन पातेली घेऊन आली, पत्नीशेजारी बसली, फळे ठेचून पाण्यात टाकली, ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले, नवे भरले. मग सूर्याकडे बोट करून तिने बोटांवर मोजून दाखवले: आज, उद्या, परवा, असे दहा. पत्रकातले आणि माझ्या पाटीवरचे तेच सगळे होते, एका शब्दाचाही फरक नव्हता. पत्नीने मान डोलावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलू लागली.

हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. दोन दिवस मी पूर्णविराम देऊन जे सांगत होतो, ते या बाईने पातेले उपडे करून अर्ध्या तासात शिकवले. आणि त्याहून अधिक संताप याचा की त्यावर टोमणा मारायला पत्नी तयार नव्हती. ती बोलतच नव्हती. सहावा दिवस गेला. पाणी ओतल्याचा आवाज येई, खुर्ची सरकल्याचा येई. न्याहारीला आम्ही पाव कापला, लोणी लावले, कॉफी संपवली. शेजारच्या जर्मन बाईने उठताना आमच्याकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली.

सातव्या दिवशी मी पाटीवर एकच शब्द लिहिला: बोल. कर्ता नाही, कर्म नाही, पूर्णविरामही नाही. पाटी तिच्यापुढे ठेवली. तिने ती वाचली, पदराने पुसली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

हॉटेल त्या दोन दिवसांत पत्रकात लिहिले होते अगदी तसे होते. त्या अकरा कलमांपैकी एकही आम्ही मोडले नाही. इतके वाईट दोन दिवस मला आठवत नाहीत.

आठव्या दिवशी मुलगी आली. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे मी पाच मिनिटे बोललो. आवाज आला, बरा की वाईट हे मला ठरवता येईना. मुलीने बोलणे ऐकून घेतले आणि मग आईकडे पाहत विचारले, "तुम्ही दोघं भांडलात का?" तिची आई कामापुरते बोलली, बॅग भरली आणि त्यात ती मसाल्याची बरणीही फडक्यात गुंडाळून ठेवली. विमानात, घरी, पुढचा आठवडाभर कामापुरतेच चालले. दळण, दूध, दिवाबत्ती, बस.

नागपूरला डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. मी पडद्याकडे पाहत होतो, पत्नी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे. एक गाठ जवळजवळ विरली होती, दुसरी निम्म्यावर आली होती. शस्त्रक्रिया नको म्हणाले. दिवसाला दोनच तास घ्यायचे, तेही कॉलरला लावायचा छोटा माइक वापरून, आणि भिंतीपलीकडच्या सरांशी स्पर्धा करायची नाही. मी वही काढून लिहून घेत होतो. पत्नी तिथे बसूनच म्हणाली, "साहेब, पाचव्या दिसी त्याईच्या तोंडातून एक शब्द निघाला होता. माह्या हातानं झालं ते. त्यानं काही झालं का?"

डॉक्टरांना प्रश्न आधी समजला नाही. समजल्यावर त्यांनी सांगितले की एका शब्दाने काही होत नाही. पाच दिवस न वापरलेला आवाज पहिल्या शब्दाला तसाच फाटका निघतो. गाठी बारा वर्षांच्या ओरडण्याने आल्या, एका शब्दाने नव्हे. तिने परत विचारले, खात्रीनं का? ते म्हणाले, खात्रीने.

ती बसमध्ये खिडकीशी बसली. पांढरकवडा मागे पडल्यावर तिने तोंड उघडले. जर्मन जोडप्यापासून सुरुवात झाली. त्यांचे भांडण शेतावरूनच असले पाहिजे, असा तिचा नवा निष्कर्ष होता. त्यानंतर मालकिणीचे गुडघे, तिची धाकटी सून, मुलीच्या घरातला कोरडा पाव, ग्रीक लोकांना हिंदी कशी चटकन समजते ते. तत्त्व आपले बरोबरच होते, मीठ कडवटपणा काढतेच, फक्त दिवस कमी पडले, हेही तिने सांगितले. आणि ते खरे आहे, हे मला इथे नमूद केले पाहिजे. बरणी घरी फडताळात आहे, दर रविवारी ती एक फोड चाखते आणि झाकण लावते. आदिलाबादच्या अलीकडे ती माझ्याकडे वळली.

"अन् तुमी. कडू काय म्हनले? गुमान गिळाचं ना."

मला उत्तर देता आले असते, आवाज होता. मी दिले नाही. डोके मागे टेकले, आणि स्टँडवर तिने हलवून उठवेपर्यंत मला झोप लागली होती. तीन आठवड्यांतली ती पहिली सलग झोप.

यावरून माझे उत्तर असे की विश्रांती जागेत नसते आणि मौनातही नसते. परंतु एका माणसावर, एकदाच केलेल्या प्रयोगावरून मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी नियम मांडू दिलेला नाही, म्हणून वाचकांनी हे माझ्या भरवशावर मानू नये. सुटीचा एक दिवस निवडावा. सकाळच्या चहापासून अंथरुणावर पडेपर्यंत स्वतःच्या घरात एकही शब्द बोलू नये, कुजबुजूही नये. दुसऱ्या दिवशी घरातल्या माणसाला तेच करायला सांगावे. या दोहोंपैकी कोणत्या दिवशी विश्रांती मिळाली, ते कृपया स्वतः तपासून पाहावे.